डावा कौल

मी चोपड्यांवर वाढलो. ठाण्यात माझ्या थोरल्या काकांचा एक लहानसा शिळाछापखाना होता. तिथून आठ आठ पानांच्या चोपड्या निघत. कोणी दारूविरुद्ध, कोणी लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध, कोणी आधीच्या चोपडीविरुद्ध. त्यांना घड्या घालताना मी त्या वाचून काढी. चोपड्या एकमेकींशी कितीही भांडोत, एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असे. तो शब्द ‘निःसंशय’. मला तो फार आवडे. सतराव्या वर्षी मी स्वतःची पहिली चोपडी लिहिली, तिच्या आठ पानांत तो अकरा वेळा आला आहे. हे मी पुढे कॉलेजात गेल्यावर मोजले. त्याआधी मोजावेसे वाटले नव्हते.

ती चोपडी कौलाविरुद्ध होती. ठाण्याहून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर बाळकुम आहे, तिथे खाडीच्या अंगाला देवीचे देऊळ आहे. कोणाला काही ठरवायचे असले की गुरव जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो. विचारणारा आपले गाऱ्हाणे मांडतो, अमुक करायचे असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, किंवा याच्या उलट. मग सगळे गप्प बसून पाहतात. जी पाकळी आधी गळेल तो देवीचा कौल. मी लिहिले होते की हा निःसंशय योगायोगाचा खेळ आहे, आणि गुरव निःसंशय लबाड आहे. गुरवाला मी तोवर पाहिलेलेही नव्हते.

कॉलेजात मी गणित घेतले. आगगाडीने मुंबईला रोज जा-ये करीत दोन वर्षे झाली, तेव्हा संभवाचा, म्हणजे शक्यता मोजण्याच्या गणिताचा, भाग आला. आमचे प्रोफेसर इंग्रज होते, उंच, हळू बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी एक कापडी पिशवी आणली. तिच्यात काळ्या-पांढऱ्या गोट्या होत्या. एक गोटी काढायची, पाहायची, परत टाकायची, पिशवी हलवायची, आणि काही वेळाने सांगायचे की आत काय आहे. माझ्या हाती लागोपाठ तीन पांढऱ्या आल्या. मी उभा राहून सांगितले, “सगळ्या पांढऱ्या आहेत.”

ते म्हणाले, “हे तुमच्या स्वभावाबद्दल झाले. आता पिशवीबद्दल काय ते सांगा.”

वर्ग हसला. मला राग आला, आणि तो आठवडाभर टिकला. पण त्या आठवड्यात मी जितके शिकलो तितके आधीच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. आत काय आहे हे ठाऊक असले तर बाहेर काय येईल याचा अदमास बांधणे, हा अर्धा धडा होता. तो सोपा आहे. उरलेला अर्धा उलट्या दिशेने चालतो. बाहेर काय आले एवढेच दिसते, आणि त्यावरून आतले ताडायचे असते. प्रोफेसर म्हणत की माणसाचे सारे आयुष्य या उलट्या दिशेत जाते, म्हणून घाई करू नये. आधी मोजा, मग मत द्या, आणि मत देताना ते किती ढिले आहे हेही सांगा. चोपड्यांत वाढलेल्या मला ढिले मत ही कल्पनाच अपमानाची वाटे. तरी मी ठरवले की कौलाचे मोजू. माझी चोपडी खरी ठरेल याबद्दल मनात शंका नव्हती. योगायोग असेल तर निम्मे उजवे, निम्मे डावे यायला हवेत.

दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढच्या मंगळवारी-शुक्रवारी मी वही घेऊन देवळात बसू लागलो. गुरव साठीचा, सडपातळ, डोळ्यांत थोडी मिश्कील चमक असलेला माणूस होता. मी काय करतो ते मी त्याला सांगितले. मी काही पाकळ्या प्रश्नावाचून लावून पाहाव्या म्हणत होतो, त्याला तो तयार झाला नाही. प्रश्न नसेल तर देवीला कशाला उगाच ओलं करायचं, असे त्याचे म्हणणे. बसून बघायला मात्र त्याची हरकत नव्हती. मी आलो की म्हणे, “या कालेजवाले, आज हजेरी घेऊन टाका देवीची.” लोक हसत. मी वहीत मुकाट्याने उ किंवा डा लिहीत असे, आणि शेजारी, प्रश्न काय होता आणि होकार कोणत्या बाजूला मागितला होता तेही.

साठ कौल झाल्यावर मी बेरीज केली. एकेचाळीस उजवे, एकोणीस डावे.

एका रविवारची दुपार मी आकडेमोडीत घालवली. निम्मे-निम्मे असते तर साठांत एकेचाळीस किंवा जास्त उजवे येणे फार विरळा. हजारदा साठ-साठ कौल पाहिले तर तीन-चारदा असे दिसेल. म्हणजे पाकळ्या निम्म्या-निम्म्या पडत नव्हत्या. माझी चोपडी पहिल्याच पानावर चुकली होती.

मग गुरव लबाड, हे दुसरे पान उरले. पण वही तेही म्हणू देईना. गुरव लोकांचे मन पाहून पाकळी कमी-जास्त दाबत असता, तर होकार उजवीकडे मागणाऱ्यांना एक मिळाले असते आणि डावीकडे मागणाऱ्यांना दुसरे. तसे नव्हते. कोणी कुठेही मागो, तिनांत दोनदा उजवीच गळत होती. देवीच्या उजव्या अंगाला समई असते, तिच्या उबेने ती पाकळी लवकर सुकत असेल. किंवा गुरवाचा हात तसा पडत असेल. समई एक दिवस डावीकडे ठेवून पाहावी असे मी सुचवले. तो म्हणाला की समईची जागा त्याच्या आजोबांनीही बदलली नाही. कारण मला कळले नाही. माझ्याकडे होता तो फक्त आकडा.

गुरवाला मी चोपडीबद्दल सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने विचारले, तिच्यात त्याचे नाव होते का. नव्हते म्हटल्यावर म्हणाला, मग दुसऱ्या कोणा गुरवाबद्दल असेल, राहू द्या.

त्याच हिवाळ्यात आईचे डोळे फार उतरले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तांदळातले खडे ती बोटांनी चाचपून काढी, आणि जेवताना कोणाच्या दाताखाली खडा आला की मान खाली घाली. चुलीशी तिचा हात दोनदा भाजला. ठाण्याच्या दवाखान्यातल्या साहेबांनी तपासून सांगितले की एका डोळ्याचा पडदा आता काढता येईल, वर्षभराने तेही सांगता येणार नाही. बहुतेकांना गुण येतो, पण सगळ्यांना नाही. एखाद्याचा डोळा पुरता जातो. उजेड-अंधार जो कळतो तोही जातो.

वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते. कचेरीत शांत, घरी भित्रे. आईला काही झाले तर, एवढेच ते दोन दिवस म्हणत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की बाळकुमला कौल लावू, देवी सांगेल तसे.

इतर वेळी मी घर डोक्यावर घेतले असते. त्या दिवशी मी काही बोललो नाही. मला आईचा डोळा हवा होता, आणि माझ्या वहीत तो मिळवायची वाट लिहिलेली होती. मी वडिलांना इतकेच सुचवले की होकार उजवीकडे मागावा, ती शुभ बाजू. ते लगेच कबूल झाले. दोन रात्री मला चांगली झोप लागली, हे मी लपवत नाही. ज्याने कौलाविरुद्ध आठ पाने लिहिली तोच आता कौलाचा कल ठाऊक असल्याचा फायदा घेणार होता, आणि ते मला चतुराईचे वाटत होते.

शुक्रवारी आम्ही तिघे गेलो. गुरवाने पाकळ्या लावल्या. वडील गाऱ्हाणे मांडायला पुढे सरले, तेवढ्यात आईने हाताने चाचपत त्यांना मागे केले. “डोळा माझा आहे, मीच विचारते,” असे म्हणाली, आणि मग देवीकडे तोंड करून, “आई, डोळा करून घ्यावा असं तुझ्या मनात असेल तर डावा दे.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले, पण मांडलेले गाऱ्हाणे बदलता येत नाही. आम्ही बसलो. बाहेर मिठागराकडून माणसांच्या हाका येत होत्या. बराच वेळ काही हलले नाही. मग देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी वाकली, सुटली आणि खाली पडली. गुरव हळूच म्हणाला, “उजवा.” वडिलांनी श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते दुःख नव्हते, सुटका होती, आणि त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ दिवस क्षमा करू शकलो नाही.

परतीच्या वाटेवर मी आईचा हात धरून चालत होतो. वडील पुढे गेले होते. मी तिला सगळे सांगितले. वही, साठ कौल, तिनांत दोन, आणि उजवीकडे होकार मागायची युक्ती माझी होती हेही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “देवी उजवा जास्त देते हे शोधायला तुला कालेजात जावं लागलं?”

“तुला माहीत होतं?”

“बाळकुमातल्या कुठल्याही बाईला विचार. मुलीचं स्थळ, घर बांधणं, असलं मोठं काही असलं की होकार डावीकडे मागायचा. उजवा काय, ती कुणालाही देते. डावा दिला तर खरं.”

मी थांबलो. माझ्या वहीतल्या मोठ्या प्रश्नांपुढे होकार बहुतेक डावीकडे लिहिलेले होते. मी ते मोजले होते, पण का, ते विचारले नव्हते. प्रोफेसरांनी फळ्यावर लिहिले होते की आपले म्हणणे सिद्ध करायचे असेल तर ज्या बाजूला सहज पडते तिथे ते ठेवू नये, अवघड बाजूला ठेवून पाहावे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते अजून कळले नव्हते.

“मग तू घाबरून डावा मागितलास,” मी म्हणालो.

“घाबरलेच आहे मी. सुरीखाली जायचं ते सोप्या होकारावर नको होतं मला.” काही पावले गेल्यावर तिने विचारले, “आता हा जो उजवा आला, त्याचं वजन किती? तू शिकलायस, तू सांग.”

मला मोह झाला. वजन शून्य, असे म्हणून मोकळे व्हावे. पण मी आधीच एकदा तिला फसवायला निघालो होतो. मी नीट सांगितले. देवीच्या मनात काहीच नसते तरी तिनांत दोनदा उजवाच आला असता. म्हणून उजव्यावरून फारसे काही कळत नाही. नाही असेही नव्हे, होय असेही नव्हे.

“म्हणजे ती बोललीच नाही म्हणायचं.”

“माझ्या वहीप्रमाणे तरी.”

“बरं,” ती म्हणाली, “मग माणसांना विचारू.”

ते मी आधीच केले होते, आणि अभिमानाने सांगितले. दवाखान्यात तीन-चार दिवस बसून मी पडदा काढलेल्या चार जणांना भेटलो होतो. दोघे ठाण्याचे, एक कोलशेतचा, एक कल्याणचा. चौघांनाही दिसत होते. चारांत चार.

“ते दवाखान्यात कशाला आले होते?”

“चष्मा घ्यायला, डोळा दाखवायला.”

“ज्यांचा गेला ते कशाला येतील चष्मा घ्यायला?”

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. काही महिने पिशवीतल्या गोट्यांचे गणित केलेल्या मुलाला त्याच्या आईने, जिला अक्षरओळख नव्हती, एका वाक्यात गप्प केले. मी पिशवीत हात घातलाच नव्हता. वर तरंगत होत्या त्या गोट्या तेवढ्या वेचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कंपाउंडरच्या मागे लागून दवाखान्याचे बुक पाहिले. दोन वर्षांत या साहेबांनी पडदा काढलेले सात जण होते. माझे चार, आणि आणखी तीन, ज्यांच्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. एक घाटावरचा हमाल, तो परत गेला होता, त्याचा पत्ता नाही. एक म्हातारा पुढे तापाने वारला. डोळ्याचे काय झाले होते ते त्याच्या सुनेने सांगितले, दिसत होते, थोडके. तिसरी एक कुणबी बाई, डोंबिवलीची.

आई म्हणाली, मला तिच्याकडे ने.

त्या वेळी डोंबिवलीला गाडी थांबत नसे. आम्ही कल्याणला उतरलो, आणि तिथून भाड्याच्या बैलगाडीने मागे आलो. कापलेल्या भातखाचरांतून वाट जात होती. चाळीस-पन्नास घरांचे गाव. बाई ओटीवर बसून सुपात काहीतरी पाखडत होती. तिचा उजवा डोळा पांढरा होता आणि आत ओढला गेला होता. आम्ही कशासाठी आलो ते मी सांगितले. तिला आधी वाटले की दवाखान्याने तक्रारीबद्दल पाठवले, आणि ती म्हणाली की तिची काही तक्रार नाही. मग आई तिच्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली की मलाही दिसत नाही, मला करून घ्यायचा आहे, तुमचं काय झालं ते सांगा.

“सायबानं धा दिस हालू नको म्हनून सांगितलं व्हतं,” बाई म्हणाली. “डोक्याला दोन्ही अंगी रेतीच्या पिशव्या. तिसरे दिशी लेक सांगाया आला, भात कापाया आलं, मानसं नाहीत. उठले न आले. शेतात पट्टी सुटली, कचरा गेला. मग डोळा पिकला.” तिने सूप खाली ठेवले आणि आईच्या चेहऱ्यापुढे आपला चेहरा आणला. “तुला भात हाय का कापाया?”

“नाही,” आई म्हणाली.

“मंग पडून ऱ्हा की. तुला काय धाड भरलीय?”

आई हसली. मी तिला इतके हसताना फार दिवसांनी पाहिले. दोघी मग बराच वेळ बोलत बसल्या, सुनांबद्दल, तांदळाबद्दल. मी गाडीवानाजवळ जाऊन उभा राहिलो. कळले त्या सहांत एक गेला, एवढेच मी वहीत लिहिले असते. ती बाई कोणत्या पिशवीतली आहे, आणि आई त्याच पिशवीतली आहे का, हा प्रश्न त्या दोघींनी विचारला.

घरी तिने वडिलांना सांगितले की देवीने नाही म्हटलेले नाही, आणि ती पुढच्या सोमवारी दवाखान्यात जाणार आहे. वडील म्हणाले की मग आणखी एकदा कौल लावून बघू, मनाला बरे वाटेल. आईने नकार दिला. एकदा विचारून झाले. हवे ते मिळेपर्यंत विचारत राहायचे तर देवीला कशाला त्रास, सरळ आपल्यालाच विचारावे. वडिलांना ते पटले नाही. पण सोमवारी त्यांनीच रजा टाकली आणि तिचा हात धरून तिला नेले.

दहा दिवस ती उताणी पडून राहिली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन बाजूंना रेतीच्या पिशव्या. मी रोज कॉलेजातून येताना तिथे थांबे आणि तिला त्या दिवसाचा धडा मराठीत सांगे. ती मान न हलवता ऐके. कधी म्हणे हे खरे आहे, कधी म्हणे हे तुझ्या कालेजातल्या साहेबाला बायकांनी सांगितले असते. चौथ्या दिवशी तिला खोकला आला, तेव्हा वडील भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि खोकला थांबेपर्यंत वळले नाहीत. अकराव्या दिवशी साहेबांनी पट्टी काढली. डोळा लाल होता, पण स्वच्छ. साहेबांनी बोटे धरली. तिने दोन म्हणून सांगितले, आणि दोनच होती.

महिन्याभराने चष्मा घ्यायला गेलो, तेव्हा कंपाउंडरने बुक काढून तिच्या नावापुढे शेरा लिहिला. तिने विचारले, काय लिहिलंस. दृष्टी आली असे लिहिले, तो म्हणाला. मग तिने विचारले की डोंबिवलीच्या बाईपुढे काय लिहिले आहे.

काही नाही, तो म्हणाला. ती परत आलीच नाही, तर काय लिहिणार.

“आम्ही जाऊन आलो तिच्याकडे. लिही. डोळा गेला, तिसऱ्या दिवशी उठून शेतावर गेली म्हणून.”

कंपाउंडर कुरकुरला. रकाना साहेबांनी भरायचा, वाईट शेरा बुकात शोभत नाही, वगैरे. आई उठली नाही. म्हणाली की कोरी जागा पाहून पुढचा माणूस समजेल ती बरी झाली असेल, किंवा ती नव्हतीच. साहेब आतून आले, काय चालले आहे ते मी त्यांना इंग्रजीत सांगितले. त्यांनी थोडा वेळ आईकडे पाहिले आणि कंपाउंडरला लिहायला सांगितले.

त्याने मोडीत दोन ओळी लिहिल्या, आणि आईच्या सांगण्यावरून तापाने वारलेल्या म्हाताऱ्यापुढे ‘थोडके दिसत होते’ हेही. आईने बुक आपल्याकडे ओढून घेतले, नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि पानावर वाकली. तिला वाचता येत नव्हते. कोरी जागा भरली आहे की नाही तेवढे ती पाहत होती. खाली आणखी एक जागा कोरी होती, त्या घाटावरच्या हमालाची. तिने तिच्यावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

त्याचे आपल्याला ठाऊक नाही, मी म्हणालो.

“मग ठाऊक नाही असं लिहा,” ती म्हणाली.